पेन्सिलीला टोक करा

रस्ता वाढवायला आमच्या कॉलनीत कुणाचीच हरकत नाही. चांगला 18 मीटरचा करा, सरळ पुढे न्या. हरकत आहे ती पेन्सिलीबद्दल.

पालिकेच्या विकास आराखड्याचा नकाशा 1:4000 चा. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर चार मीटर. गणिताच्या निवृत्त सरांनी भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावून जाहीर केलं, की रस्त्याची कड दाखवणारी रेघच अर्धा मिलिमीटर जाड आहे. म्हणजे दोन मीटर रुंदीचा मुलूख नुसत्या रेघेखाली गेला. तेव्हापासून गल्लीत कुणाचा डोळ्याला डोळा नाही. रेघ आतून मोजली तर कोपऱ्यावरच्या काकूंचं देवघर वाचतं. बाहेरून मोजली तर देवघरासकट ओटा जातो. मधोमध मोजली तर देव घरात राहतात आणि फ्रिज रस्त्यावर येतो. काकूंनी पालिकेच्या साहेबांना विचारलं, "साहेब, नक्की कुठून मोजायचं?" साहेब म्हणाले, "ते डिमार्केशनच्या वेळी कळेल." म्हणजे जेसीबी फाटकात आल्यावर.

हल्ली हे सगळं संगणकावर होतं म्हणतात. संगणकालाही टोक करावं लागत असणार, आणि पालिकेत ते काम कुणाच्या टेबलाचं हे ठरलेलं नसणार. म्हणून आम्हीच पुढाकार घेतला. हरकतीच्या अर्जाला एक शार्पनर जोडलं आणि खाली लिहिलं, 'सोबत : वरीलप्रमाणे'. आवक खिडकीवरच्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. "हे जोडपत्र धरू की नग?" नग धरला तर भांडार विभागात जमा करायचं, जोडपत्र धरलं तर पंच मारून फायलीत लावायचं. शार्पनरला पंच बसेना. बाई आत विचारून आल्या. आतून उत्तर आलं, की तीन प्रतींत आणा. आम्ही आणखी दोन शार्पनरं आणली. मग कळलं, की मूळ प्रतीवर अर्जदाराची सही लागते. सरांनी इतक्या बारीक अक्षरात सही केली, की तेवढी बारीक रेघ नकाशावर असती तर अर्जच करावा लागला नसता. शेवटी आवक क्रमांक पडला. शिक्का इतका जाड उमटला, की त्याखाली 1:4000 च्या हिशेबाने एक चाळ सहज बसली असती.

रस्ता रुंद करण्याचा हा सगळा प्रकार कायद्याच्या भाषेत 'किरकोळ फेरबदल'. नगररचना अधिनियम 1966, कलम 37. आराखड्याचं मूळ स्वरूप न बदलणारा फेरबदल असेल तर नोटीस काढायची, महिनाभर हरकती घ्यायच्या, सुनावणी द्यायची. स्वरूप आराखड्याचं बदलता कामा नये. काकूंच्या घराचं बदललं तर चालतं. भरपाईला टीडीआर आहेच, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. त्यावर दुसरीकडे कुणीतरी मजले चढवणार, त्या मजल्यांना पार्किंग कमी पडणार, आणि त्या गाड्या फिरून याच रस्त्यावर येणार. मग तो पुन्हा रुंद करावा लागेलच.

आणि आता स्पष्टच बोलतो. आहे तो रस्ता कागदावर 12 मीटर आहे ना? कुठाय तो? दोन्ही बाजूंना गाड्या, त्यातल्या दोन तर टायर बसून गंजल्यात, एकीच्या बॉनेटवर मांजर वितेय. फुटपाथवर गॅरेजवाल्याचा संसार. कमान उत्सवाला उभी राहते ती पुढच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला उपयोगी पडते म्हणून काढतच नाहीत. हे हटवायला कलम लागत नाही, हरकती मागवाव्या लागत नाहीत, हिंमत लागते. ती नाही म्हणून काकूंचा ओटा पाडायचा! गंजक्या गाडीच्या मालकाला साधी नोटीस द्यायला ज्यांचा हात थरथरतो, त्यांचेच हात म्हाताऱ्या बाईच्या कंपाउंडवर लाल रंगाचा बाण मात्र एका झटक्यात काढतात. बाणाची जाडी चार इंच. पुन्हा तेच.

सुनावणीत सरांनी एकच विचारलं. रस्ता आमच्या घरांतून पलीकडे जातो कुठे? साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. नाल्यापर्यंत.

"आणि पूल?"

"तो या आराखड्यात नाही. पुढच्या सुधारित आराखड्यात घेता येईल."

आराखडा सुधारायला कायद्याने 20 वर्षांची मुदत आहे. तोवर या 18 मीटरचं काय करायचं, असं सरांनी विचारलं.

साहेब म्हणाले, "पार्किंगची सोय होईल की."