गोणपाटरंजनमीमांसा

धान्यविरहित झालेल्या, परंतु धान्यगंधविरहित न झालेल्या तागाच्या पोत्यावर, आत मनुष्य असूनही तो नसल्याची प्रतीती व्हावी या हेतूने जो वर्णसंस्कार केला जातो, त्यास गोणपाटरंजन म्हणावे. पावसात डोक्यावर घेतलेली पोत्याची खोळ या लक्षणात येत नाही. तिच्यात लपण्याचा हेतू नसून भिजण्याविषयी केवळ अनुत्साह असतो. बुजगावणे तर या विद्येचे साक्षात प्रतियोगी होय. तेथे मनुष्य नसून भासतो, येथे असून भासत नाही.

दारव्ह्याच्या परिसरात या विद्येचे अधिकारी दोन. एक, हरभरा राखण्यासाठी रात्री जागलीला जाणारा. दुसरा, बुद्धपौर्णिमेस टिपेश्वर अभयारण्यातील पाणवठ्यावर प्राणी मोजू इच्छिणारा. दुसऱ्यास बसण्यास मचाण मिळत असल्याने वेशाची आवश्यकता नाही. तथापि उत्साह त्याचाच अधिक आढळतो.

पूर्वाचार्य स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखातले. तेथील शिकारीच्या सेवकांस ‘गिली’ म्हणत, त्यावरून या वेशाचे नाव पडले. बोअर युद्धासाठी १९०० साली उभारलेल्या लोव्हॅट स्काउट्स या पलटणीत असले डोंगरी लोकच भरले होते. मात्र या आचार्यांनी वैशाखातले वऱ्हाड पाहिलेले नसल्याने त्यांचा हिरवा रंग येथे प्रमाण मानता येत नाही.

रंजनापूर्वी शोधन आवश्यक. गिरणीत तागाचा तंतू मऊ करण्यासाठी त्यास तेल पाजलेले असते. म्हणून धुण्याच्या सोड्यात उकळल्याविना रंग आत न शिरता वरून ओघळतो. या कर्मास घरातले मोठे पातेले लागते. ते मिळवण्याचा विधी स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

शोधित पोत्याचे वर्णभेद पाच:

(१) पंकज. काळ्या मातीच्या चिखलात तुडवून सिद्ध होतो. वाळल्यावर अर्धी माती उठताना गळते, उरलेली बसताना.

(२) क्वाथज. बाभळीची साल व हिरडा यांच्या काढ्यात लोखंडाचा गंज मिळाला असता काळसर राखाडी वर्ण प्रकट होतो. येथे दोन संप्रदाय. पूर्वलोहवादी गंजलेले खिळे काढ्यातच शिजवतात. उत्तरलोहवादी पोत्यास आधी कषाय पिऊ देतात व मग लोहजलात बुडवतात. उत्तरपक्षाचा वर्ण समान उमटतो, हे मान्य करावेच लागते. परंतु पूर्वपक्षाचे ठिपके अधिक नैसर्गिक, असा त्यांचा दावा आहे. खिळ्याऐवजी नांगराचा फाळ वापरणारा तिसरा पंथ वडिलांच्या हस्तक्षेपाने खंडित झाला.

(३) पर्णज. सागाचे कोवळे पान चोळले असता तळहात लाल होतो. पोते तितके होत नाही.

(४) पुष्पज. पळसाच्या फुलांचा पिवळा-केशरी. फाल्गुनात, फुललेल्या पळसाखाली, स्थिर बसणाऱ्यासच विहित.

(५) शृंगशेष. पोळ्यानंतर उरलेल्या, बैलांच्या शिंगांच्या रंगाचा. हा भेद केवळ गणना पूर्ण व्हावी म्हणून नोंदवला.

आता आक्षेप. रोही आणि रानडुक्कर यांच्या नेत्रांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या असतात. तांबडा व हिरवा यांतला भेद त्यांस उमगत नाही. डुक्कर तर मुळात नाकाने चालते, आणि पोत्याला तुरीचा वास असतो. यावरून अरंजनवादी म्हणतात की कोरे पोते हेच वैशाखातल्या वाळक्या गवताच्या रंगाचे असून संस्कार व्यर्थ आहे. समाधान असे, की रंजनाची परीक्षा रंजकाने करावयाची असते. रानडुकरास तो अधिकार कोणत्याही संप्रदायाने दिलेला नाही.

शेवटचे प्रकरण स्वामित्वाचे. प्रस्तुत लेखकाने पाच पोती क्वाथजविधीने रंगवली. त्यांपैकी तिनांचे दोरे उसवून वेशासाठी व्हॉलीबॉलच्या जुन्या जाळीवर गाठले. दोन वाळत होती. त्याच आठवड्यात तूर निघाली, पोती कमी पडली, आणि आईने दोरीवरची दोन्ही काढून भरली. अडत्याने काट्यावरचे पोते थांबवून, बोट लावून, बोट पाहून एकच प्रश्न विचारला. त्याचे उत्तर वर दुसऱ्या भेदाखाली सविस्तर आलेले आहे. परंतु तेथे ते ऐकून घेण्यात आले नाही.