कातरलेल्या पानाचे शास्त्रोक्त वर्णन कसे करावे

रविवारी सकाळी टेकडीवर झाडं बघायला जाणाऱ्या मंडळींत 'कातरल्यासारखं पान' म्हणणाऱ्याला कोणी विचारत नाही. चारचौघांत मान हवा असेल तर पुढील नियम पाळावेत.

१. घाई करू नये. पान हाती येताच बोलू लागणं हे नवशिक्याचं लक्षण. भिंग काढावं, पान उजेडात धरावं, 'हं' म्हणावं. भिंग नसेल तर चष्मा कपाळावर चढवावा.

२. कड आणि काप यांत गल्लत करू नये. जास्वंदीची फक्त कड दातेरी. पान आतून अख्खं. दाते टोकाकडे झुकलेले असले तर 'करवती' म्हणावं, सरळ बाहेर रोखलेले असले तर 'दंतुर'.

३. कापाची खोली बघावी. मधल्या शिरेच्या अर्ध्या वाटेवर थांबला तर 'खंडित', पुढे घुसला तर 'खोल खंडित'. सगळे काप देठाच्या टोकाकडे रोखलेले असले, जसे एरंडाचे नि पपईचे, तर 'हस्ताकृती'. मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना ओळीने असले, जसे पिवळ्या धोतऱ्याचे, तर 'पिच्छाकृती'. धोतऱ्याचं पान मात्र दुसऱ्याला धरायला द्यावं. त्याच्या दात्यादात्यावर काटा असतो.

४. सुट्या पाती दिसल्या की वाद पेटतो: हे एक पान की अनेक? कडुनिंबाची डहाळी घ्यावी. काडी जिथे फांदीला जोडलेली असते, त्या बगलेत कळी सापडते. पातींच्या बुडाशी सापडत नाही. म्हणजे अख्खी काडी मिळून एकच 'संयुक्त' पान, आणि पाती या 'पर्णिका'. शेवग्याचा तीनदा विभागलेला हातभर पसारा हेही एकच पान. हे वाक्य भाजी निवडणाऱ्या माणसासमोर उच्चारू नये.

५. केळीच्या पानाला 'खंडित' म्हणू नये. ते जन्माने अखंड. पंचनाम्यात वाऱ्याचं नाव घालावं.

६. तुती दिसली तर वाट बदलावी. तिच्या एकाच फांदीवर एक पान अखंड असतं आणि शेजारचं तीन खंडांचं. नेमकी ती दोन्ही पानं कोणीतरी तुमच्यासमोर धरतं. ती शांतपणे खिशात घालावीत आणि आंब्याकडे वळावं. 'कड अखंड' एवढ्यावर वर्णन संपतं, आणि पुढे कैऱ्यांचा विषय आपोआप निघतो.