दोन मैदानांत वर्षाचा निकाल!

ऐकलंत का? बकासूर संपला म्हणे! मेढा स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर सकाळी सकाळी हा फैसला झाला. फैसला देणारे तिघे. एकाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, दुसरा एसटीत कंडक्टर आणि तिसरे आमचे धाकटे भावजी. तिघांत मिळून दावणीला एक शेळीसुद्धा नाही. दिवाळीनंतरची धड दोन मैदानं झाली नाहीत, तोवर अख्ख्या हंगामाचा निकाल लावून मंडळी मोकळी!

बकासूर म्हणजे भीमानं मारलेला राक्षस, एवढंच ज्यांना ठाऊक असेल त्यांनी सातारा-सांगलीत तोंड उघडू नये, हा आपला मैत्रीचा सल्ला. बकासूर हा शर्यतीचा बैल आहे. पुण्याजवळच्या सूसचा. 2023 च्या एप्रिलमध्ये खानापूर तालुक्यातल्या भाळवणीला डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटलांनी बैलगाडी शर्यतीचं ‘रुस्तुम-ए-हिंद’ मैदान भरवलं, तिथं महिब्याबरोबर पळून यानं थार जिंकली. थार म्हणजे जीप हो! बैलानं छकडा ओढायचा आणि बक्षीस काय, तर गाडी. त्या बिचाऱ्याला कुणी पेंडीचं पोतं तरी विचारलं का?

आणि थारवर थांबतील तर ती माणसं कसली! 2025 च्या नोव्हेंबरात कवठेमहांकाळ तालुक्यात त्याच पैलवानांनी ‘श्रीनाथ केसरी’ भरवलं. पहिल्या नंबराला फॉर्च्युनर. ती नेली हेलिकॉप्टर बैज्या आणि ब्रेक फेल या जोडीनं. मी थट्टा करत नाही, बैलांची नावंच तशी आहेत. आमच्या सासूबाईंच्या लहानपणी बैल असायचे सर्जा-राजा, फार तर ढवळ्या-पवळ्या. आता हेलिकॉप्टर आणि ब्रेक फेल एका जुवाखाली! गावोगाव नुसतं एवढंच चाललं होतं. आमच्या इकडे ऐन भातकाढणीचे दिवस, कापलेलं भात खाचरात पडलेलं, मळणीला माणूस मिळेना. आणि कर्ती पोरं दोन-दोन तालुके ओलांडून मैदानाला. बरं, जे गेले नाहीत ते बांधावर बसून मोबाइलवर मैदान बघत होते. त्यांचा तरी काय उपयोग!

पण खरी भानगड पुढंच आहे. तिला ‘पैरा’ म्हणतात.

म्हणजे काय, तर दोन बैल एकाच मालकाचे असले पाहिजेत असं काही नाही. एक या गावचा, एक त्या गावचा, मालकांनी फोनवर ठरवायचं आणि त्या मैदानापुरती जोडी जुंपायची. झालं मैदान की फारकत. सोयरिकीच्या बैठकीत होत नाही एवढी खलबतं यात चालतात. कुणाचा कुणाबरोबर पैरा झाला, कुणी शब्द दिला आणि ऐनवेळी फिरवला, कोण गेल्या साली यांच्याबरोबर फायनलला होता आणि यंदा चक्क समोरच्या गाडीला दिसला. भावजी हे सांगताना आवाज खाली घेतात. ‘वहिनी, बाहेर बोलू नका, पण मथुरचा पैरा आतून ठरलाय.’ मी कुणाला बोलणार? मथुर हा माणूस नसून तोही बैलच आहे, हे कळायलाच मला एक हंगाम लागला. तोवर मी त्याला भावजींचा कुणी उनाड मित्र समजून चहाला बोलवा म्हणत होते.

त्यातही खुब्या आहेत. एखादा बैल उजवीकडूनच पळतो, डावीकडे जुंपला की अंग चोरतो. एक सुटायला तिखट, पण शेवटच्या टप्प्यात ढिला. दुसरा उशिरा तापतो आणि निशाणापाशी जीव खाऊन ओढतो. दोन तिखट एकत्र आले तर छकडा सरळ राहत नाही, म्हणून एक तिखट आणि एक सबुरीचा असा मेळ घालायचा. वर ड्रायव्हर हलका हवा, पण हाताचा घट्ट. एवढं सगळं आमच्या भावजींना तोंडपाठ आहे. लेकीची शाळेची फी भरायची शेवटची तारीख विचारा, मान खाली.

आता टपरीवरच्या या फैसल्यांमागचं शास्त्र ऐका. मैदानात चिठ्ठ्या टाकून गट पडतात. एका गटात सहा-सात गाड्या, प्रत्येकीला आपलं तास, म्हणजे पळायची पट्टी. गटात पहिला येईल तोच सेमीला, सेमीतला पहिला फायनलला. दुसऱ्याला घरचा रस्ता. चिठ्ठीत कडेचं खराब तास आलं, शेजारची गाडी आत घुसली, झेंडा पडताना एखादा बैल मागं वळून बघत राहिला, संपलं! निम्म्या मिनिटाचा खेळ. त्यात हरलेल्या बैलात यंदा दम आहे की नाही, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण टपरीवर येतं. गट हुकला की ‘थकला’, गट पास झाला की ‘यंदा हाच हिंदकेसरी’. परत पुढच्या आठवड्यात उलट. आणि मागच्या आठवड्यात आपण काय बोललो, ते कुणालाच आठवत नाही.

नणंदेचा मुलगा अमेरिकेत असतो. तो सांगत होता, तिकडं बेसबॉल नावाचा खेळ आहे, त्यात एकेक संघ हंगामात 162 सामने खेळतो. शंभर जिंकणारा संघसुद्धा बासष्ट हरतो. तरी एप्रिल उजाडून चार सामने झाले की तिथले शौकीन कोण चढला, कोण बसला, कुणाला विकून टाका, याच्या गप्पा सुरू करतात म्हणे. मला ऐकून फार बरं वाटलं. एवढे 162 सामने हाताशी असून त्यांना दम निघत नाही, तर आमच्या टपरीनं निम्म्या मिनिटात निकाल लावला तर कुठं बिघडलं! आपल्या आयपीएलमध्येसुद्धा साखळीचे चौदा सामने असतात, तिथं पहिले दोन हरले की कर्णधार बदला म्हणून गावभर ओरडा होतोच.

बैलाच्या खुराकाबद्दल तर मी बोलूच नये, पण बोलते. दूध, अंडी, खारीक, बदाम, तूप, उडदाचं पीठ. वर अंगाला मालीश आणि पाण्यात पोहणी. ओळखीच्या एका घरी बघितलं, बैलासाठी परातीत बदाम भिजत घातलेले आणि त्याच घरातली म्हातारी शेजारी बसून चहात पाव बुडवून खाते. बैलानं परातीत तोंड घातलं, हुंगलं, दोन बदाम उचलले आणि बाकीचे सांडून पुढं झाला. म्हातारीनं ते वेचले, पदरानं पुसले आणि परत परातीत ठेवले. एक तोंडात टाकायची छाती झाली नाही तिला!

खरं तर लोकांची भूक तशी जुनी आहे. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. राज्यानं 2017 ला कायदा केला, तोही अडकला. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. साडेसात वर्षांचा उपास सुटल्यावर माणूस ताटावर तुटून पडतो, तसं झालंय. कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जनावरांच्या डॉक्टरची तपासणी, छळ केला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, असं सगळं आहे. चाबूक नाही, टोचणी नाही, बॅटरीचा झटका नाही. मैदानाच्या कडेनं गर्दीत उभं राहून बघणाऱ्यांनी हे किती पाळलं जातं ते आपलं आपण ठरवावं.

मला खटकतं ते वेगळंच. टपरीवर ‘थकला, थकला’ झालं की ते मालकाच्या कानावर जातं. मग तोंड दाखवायला म्हणून त्याच बैलाला पुढच्या आठवड्यात पुन्हा टेम्पोत चढवतात, लांबच्या मैदानाला. नाहीतर आदत खोंड, अजून दुधाचे दात पडले नाहीत असं, मोठ्यांच्या गटात घुसवतात, का तर यंदा नवं नाव गाजायला पाहिजे. टपरीवाल्यांचं काय जातं? चहाचे दहा रुपये, तेही उधार.

हे सगळं मी तोंडावर बोलले परवा. भावजी रागावले नाहीत. उलट खुर्ची पुढं ओढून बसले आणि म्हणाले, ‘वहिनी, म्हणूनच म्हणतोय, आपलंच एक खोंड असावं. पौषात खरसुंडीच्या यात्रेला जाऊ. खिल्लार, आटपाडी महालाचं. बाजारात नुसतं बघायचं, पटलं तर घ्यायचं.’

माझ्या तोंडचं पाणी पळालं. गोठा कुठाय? पाडून तिथं यांनी मोटारसायकल लावायची शेड केली. शेण कोण काढणार? कडबा कुठनं आणणार, आमच्या डोंगरात भात पिकतं, शाळू नाही. हे पेपरात डोकं घालून बसले, जणू काही ऐकलंच नाही. म्हटलं, आता सासूबाईच काय ते बोलतील. चाळीस वर्षं औताचे बैल सांभाळलेली बाई, चांगली खरडपट्टी काढणार.

सासूबाई जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, ‘आणशील तर डाव्या अंगाचं आण. उजव्या अंगाची सगळ्यांकडं हायती, पैरा मिळंना झालाय.’