पाय मारला तरच मोटार

"नलूताई, लंगडताय का हो?"

"काही नाही ओ. डिशवॉशरचं दार उघडं होतं, नडगीला लागलं. ते सोडा. शनिवारचं सांगा आधी. काल तुमचे हे कंबर धरून कचऱ्याचा डबा ओढत होते, वरच्या खिडकीतून बघितलं की मी."

नलूताईंच्या नजरेतून काही सुटत नाही. आमच्या दोन घरांमध्ये कुंपण म्हणजे कमरेएवढं कातरलेलं झुडूप, आपल्याकडच्या मेंदीसारखंच. अलीकडे मुलाकडे आलेले आम्ही पुण्याचे, पलीकडे लेकाकडे आलेल्या नलूताई कोल्हापूरच्या. ॲमस्टरडॅमशेजारच्या ॲमस्टेलवीनमध्ये उन्हाळा लागला की अशा आज्या उतरतात, व्हिसाच्या नव्वद दिवसांपुरत्या. नातवंडांना शाळेत सोडायचं, आणायचं, पोळ्या लाटून ठेवायच्या आणि मधल्या वेळात कपडे वाळत घालायच्या निमित्तानं कुंपणाशी यायचं.

"सायकलवरून गेलो होतो," मी आवाज उतरवून म्हटलं. आत मुलगा मीटिंगमध्ये होता.

"सायकल? तुम्ही? चौसष्टाव्या वर्षी?"

"विजेची. भाड्यानं घेतली. हे म्हणाले, मी कॉलेजला रोज सायकलनंच जात होतो, मला काय शिकवतेस."

"भाडं काय पडलं?"

"माणशी तीस-पस्तीस युरो दिवसाचे. शिवाय अनामत."

"तीन हजाराच्या वर गेले की हो! एवढ्यात आमच्याकडं जुनी सायकल येईल." नलूताईंनी उशीचा अभ्रा झटकला. "बरं, साडीत जमतंय का? दांड्यावरून पाय टाकायचा म्हणजे..."

"दांडा कुठला! पार खाली वाकवलेला असतो. साखळीवर पेटी, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी झाकण. पदर म्हणा, ओढणी म्हणा, अडकायची सोयच नाही. इथल्या बायका लांब कोट घालून चालवतात ना, त्यांच्यासाठी केलेलं."

"आणि मोटार? स्कूटरसारखं पिळायचं?"

"नाही, तीच तर गंमत. पिळायचं काही नाही. आपण पाय मारला तरच ती हात देते. पाय थांबला की तीही थांबते. ताशी पंचवीसच्या पुढं गेलात तर म्हणते, आता तुमचं तुम्ही बघा. कायदाच आहे तसा."

नलूताई चिमटा दातांत धरून क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पोरानं पण अशीच मदत करावी बघा. आपण पाय मारल्यावर. आमचा म्हणजे, मी भाजी चिरायला घेतली की हातातली सुरीच काढून घेतो."

यावर मला बोलण्यासारखं बरंच होतं, पण विषय शनिवारचा होता.

ॲमस्टरडॅमचं मोठं स्टेशन आहे ना, त्याच्या मागच्या अंगाला 'एय' नावाचं रुंद पाणी आहे. ते ओलांडायला सरकारी होडी. तिला तिकीट नाही. सायकलीसकट चढायचं, पाच मिनिटांत पलीकडे. आणि पलीकडे उतरून अर्धा तास पाय मारला की शहर असं संपतं, जणू कुणी चादर ओढून घेतली. दोन्ही बाजूंना ओलं हिरवं गवत, गाई, आणि आपल्या टिटवीची बहीण शोभेल असा, डोक्यावर तुरा असलेला एक पक्षी ओरडत फिरतोय. या भागाचं नावच वॉटरलँड.

"वाट कशी सापडली? ह्यांनी फोन धरला हातात?"

"फोन हातात धरला तर दंड. २०१९ पासून सायकलवाल्यांनासुद्धा मनाई आहे. इथं आकड्यांची पद्धत आहे. जिथं जिथं वाटा फुटतात तिथं खांबावर आकडा. घरून निघताना आपल्याला लागणारे आकडे चिठ्ठीवर लिहून घ्यायचे, की झालं. एकावरून पुढचा, त्यावरून पुढचा. ही युक्ती कुणाची, माहितीय? शेजारच्या बेल्जियममधल्या एका खाण अभियंत्याची. कोळशाच्या खाणीत अंधारात माणसं चुकू नयेत म्हणून फाट्यांना आकडे द्यायचे. खाणी बंद पडल्या, तेच आकडे त्यानं वर उजेडात आणले."

"भाजीवाल्याच्या यादीसारखं की," नलूताई म्हणाल्या. यादी म्हटलं की त्यांना पटतं.

"आणि नलूताई, शेतांना कुंपण नाही."

"मग गाई?"

"चर. प्रत्येक शेताभोवती पाण्यानं भरलेला चर. गाय ओलांडत नाही, आणि जमिनीतलं पाणीही त्यातूनच वाहून जातं. एकात दोन कामं."

"म्हणजे इथल्या बायका शेजारणीशी बोलतात कशा? चराच्या काठावर उभं राहून?"

खरं तर पहिल्याच गावात मला तेच वाटलं होतं. ब्रुक त्याचं नाव. लाकडी घरं, सगळी करड्या, फिक्या रंगांत, आणि इतकी नेटकी की आपण शिंकलो तर कुणी पुसायला येईल. जुन्या काळी इथं दर्यावर्दी, व्यापारी राहायचे, बख्खळ पैसा. स्वच्छतेसाठी हे गाव युरोपभर गाजलेलं. स्वतः नेपोलियन १८११ साली येऊन बघून गेला. असं सांगतात की पाहुण्यानं उंबऱ्यातच जोडे काढायचे, मग तो कितीही मोठा असो.

"आपल्याच घरात गेलात की!"

"पुढचं ऐका. दर्शनी दार रोज उघडायचंच नाही. लग्न आणि मयत, एवढ्यासाठीच. एरवी सगळ्यांनी मागच्या दारानं."

नलूताईंनी आपल्या दोन्ही घरांकडे पाहिलं. आम्हीही कधी पुढच्या दारानं एकमेकींकडे गेलेल्या नाही. सगळं मागच्या अंगणातूनच.

"एका गल्लीच्या तोंडाशी लाल पाटी होती," मी पुढं सांगितलं. "सायकलीचं चित्र, मागं मोटार, खाली लिहिलेलं 'ऑटो ते खास्त'."

"खास्त म्हणजे?"

"पाहुणी. मोटार इथं पाहुणी आहे. रस्ता सायकलींचा, मोटारीनं मागून मुकाट यायचं. आणि येतात हो! एक चकचकीत गाडी आमच्या मागं पाच मिनिटं चालली होती. हॉर्न नाही, काही नाही. ह्यांना तर घामच फुटला, सारखे बाजूला होत होते. पुण्याची सवय."

"पुणं म्हणजे सायकलींचं गाव म्हणायचे ना एके काळी?"

"तेच ना. आपण सायकलवरून मोटारीकडे गेलो, हे लोक उलटे आले. तेही आपोआप नाही. १९७१ सालात या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजार तीनशे माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त पोरं. मग आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' हेच चळवळीचं नाव. पाठोपाठ १९७३ ची तेलटंचाई आली, रविवारी मोटारी बंद झाल्या आणि मोकळ्या रस्त्यावर चालून लोकांना चव कळली. आपण नातवंडांना ज्या लाल रस्त्यावरून शाळेत नेतो ना, तो असा आलाय."

नलूताईंच्या हातातला छोटासा मोजा तसाच राहिला. मग त्यांनी तो जरा जपून दोरीवर लावला.

पण गप्पा मारताना फार वेळ गंभीर राहणं त्यांना मानवत नाही. "खाल्लं काय?" त्यांनी विचारलं.

मार्केनला जाऊन आम्ही सफरचंदाचा केक खाल्ला. मार्केन म्हणजे पूर्वी बेट. १९५७ साली बांध घालून जमिनीला जोडलं. बांधावरून जाताना दोन्ही बाजूंना पाणी आणि पाठीवर वारा. पाय नुसते ठेवले तरी सायकल पळते. घरं हिरवी, पांढऱ्या किनारीची, उंचवट्यांवर एकमेकांना बिलगून. कित्येक तर लाकडी खांबांवर, खालून पाणी निघून जावं म्हणून. तेव्हा तिथं समुद्रच होता. १९१६ च्या जानेवारीत वादळात पाणी घुसलं आणि या चिमुकल्या बेटावरची सोळा माणसं गेली. त्या पुरानंच सरकार हललं. पुढं १९३२ साली बत्तीस किलोमीटर लांबीचा बांध घालून समुद्राचं तोंडच बंद केलं. खारं पाणी हळूहळू गोडं झालं.

"आणि कोळी? त्यांनी काय केलं?"

नलूताईंचा प्रश्न नेमका असतो. बांधानं गावं वाचवली, पण समुद्रातली मासळी गेली. आम्ही मार्केनहून होडीत सायकली घालून पलीकडे फोलेनडामला उतरलो, तेव्हा धक्क्यावर त्याचं उत्तर दिसलं. कोळ्यांचं गाव ते, पण आता रांगेनं फोटोची दुकानं. तुम्हाला त्यांचा टोकदार टोपीचा पारंपरिक पोशाख चढवतात आणि फोटो काढतात.

"काढलात?"

"ह्यांनी काढला. दाखवीन नंतर. कुणाला सांगू नका."

"मी? मी कुणाला सांगणार ओ!" कॉलनीतल्या सगळ्या आज्यांना रात्रीपर्यंत कळणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

तिथून तीन किलोमीटरवर एडाम, चीजचं गाव. लाल मेणातले गोल गड्डे आपण दुकानात बघतो ना, ते परदेशी जाणारे. घरच्यांसाठी पिवळे. तिथल्या संग्रहालयात जुन्या घराचं तळघर आहे, ते चक्क पाण्यावर तरंगतं. तिथवर सगळं छान चाललं होतं. ह्यांनी सकाळपासून मोटारीचा सगळ्यात वरचा टप्पा लावलेला. मी खालच्यावर. मला म्हणत होते, "भाडं सारखंच पडतं, मग कंजूषपणा कशाला?"

"पुणेरी माणूस असून असं म्हणाले?"

"परतताना कळलं कशाला ते. इथला वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजे जाताना जो आपल्याला ढकलत होता, तोच येताना छातीवर. या देशात डोंगर नाहीत, नलूताई, वारा हाच डोंगर. उलट्या वाऱ्यात सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धासुद्धा असते, साध्या बिनगिअरच्या सायकलीवर, समुद्राच्या बांधावरून साडेआठ किलोमीटर. आमची तीच झाली. मॉनिकेनडाम मागं पडलं आणि ह्यांची बॅटरी संपली."

"अरे देवा!"

"पंचवीस किलोची सायकल, वारा समोर, गाव बारा-तेरा किलोमीटर लांब. माझी बॅटरी अर्धी शिल्लक. म्हटलं, सायकली बदलू. नको म्हणाले. चेहरा असा, की जणू मी त्यांची पेन्शन मागितली. मग मी पुढं झाले आणि हे माझ्या मागं, वारा चुकवत. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, पहिल्यांदाच मी पुढं."

नलूताई हसता हसता झुडपावर वाकल्या.

"त्यात ऐंशीच्या घरातली एक आजी आम्हाला ओलांडून गेली. ताठ बसलेली, टोपलीत कांद्याची पात. जाताना म्हणाली, 'होय!'"

"होय? मराठीत?"

"त्यांच्यात होय म्हणजे राम राम. ह्यांना वाटलं, आपण मनात म्हणत होतो 'म्हातारे झालो का?' त्याचंच उत्तर दिलं तिनं."

आता मात्र डोळे पुसावे लागले दोघींना. मी शेवटचा टॉवेल दोरीवर टाकला. "एकूण काय, पुढच्या खेपेला बॅटरी जपायची, जाताना वारा समोर घ्यायचा आणि येताना पाठीवर. तुम्ही पण चला. पण तुम्ही सायकल चालवून चाळीस वर्षं झाली असतील, ब्रेकची सवय..."

"ब्रेकचं नाव काढू नका," नलूताई एकदम म्हणाल्या. "हँडलला ब्रेकच नाही मेला. पायडल उलटं फिरवलं की चाक जागच्या जागी थांबतं. आपल्याकडं उतारावर पाय उलटे फिरवतो की आपण, सहज, खेळ म्हणून. मी तेच केलं आणि..."

त्या थांबल्या. मी त्यांच्या नडगीकडे पाहिलं.

"डिशवॉशर?" मी विचारलं.

नलूताईंनी मागं वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं आणि झुडपावरून पुढं वाकल्या. सूनबाईंची सायकल. आठ दिवस झाले. दुपारी दीड वाजता, शाळेमागच्या मोकळ्या वाहनतळावर. पहिले दोन दिवस नुसती धरून चालल्या, तिसऱ्या दिवशी बसल्या, पाचव्या दिवशी पडल्या. आता वळण घेता येतं, फक्त उजवीकडे.

"पोराला कळलं तर सायकलीला कुलूप लावेल," त्या म्हणाल्या, आणि गाऊनच्या खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. बारीक अक्षरात आकडे, एकाखाली एक. "बेम्स्टरचे. सुनेच्या नकाशावरून उतरवून घेतले. आधी तळं होतं म्हणे. १६१२ साली पवनचक्क्या लावून पाणी उपसून काढलं. समुद्राच्या साडेतीन मीटर खाली जमीन, आणि रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ. म्हटलं, आपल्याला बरं. डावीकडं वळणं कमी."

"म्हणजे मघाशी आकड्यांचं मी सांगत होते तेव्हा..."

"ऐकत होते की. खाणीचं ठाऊक नव्हतं मला."

तेवढ्यात मागचं दार सरकलं. मुलगा कानातला हेडफोन काढत बाहेर आला. "आई, चहा टाकू? अरे, नलूकाकू, पायाला काय झालं?"

"डिशवॉशरचं दार," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.