बॅकअप आहे म्हणता? उघडून दाखवा!

नाशिक-त्र्यंबकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीची कुठलीही बातमी काढा. कॅमेरे असतात, ड्रोन असतात आणि हल्ली एआय असतंच. कुशावर्त कुंडावर किती गर्दी झाली, ते यंत्र सांगणार. हरवलेल्या आजींना यंत्र शोधणार. उत्तम. पण यंत्रच बंद पडलं तर? बातमीत हे नसतं, कारण बैठकीत हे कोणी विचारलेलंच नसतं.

सर्व्हर सांभाळणं हा माझा व्यवसाय. नवी यंत्रणा दिसली की ती काय काय करते, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, ती झोपली तर फोन कोणाला करायचा? बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं, ‘व्हेंडरला’. व्हेंडर बसतो पुण्यात, नाहीतर बंगळुरात. पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या, दिवशी त्र्यंबकच्या रस्त्यावर खासगी गाडीला वाट नसते.

तो येणार कसा?

आणि पर्वणी येते कधी? ऐन पावसाळ्यात. ब्रह्मगिरीचा डोंगर ढगात, वीज घटकेत आहे घटकेत नाही, हजारो मोबाइल एकाच टॉवरला लोंबकळलेले. यंत्रणेचा डेमो मात्र भर उन्हाळ्यात, एसी सभागृहात, चहा-बिस्किटांच्या साक्षीने. भिजलेली वायर डेमोत कोणी दाखवत नाही. ती मागून बघा.

कुठल्याही गावात खांबाला टांगलेली कॅमेऱ्याची पेटी एकदा उघडा. कुलूप नाही. आत छोटा स्विच, खाली यूपीएस. बॅटरी कधी बसवली ती तारीख नाही आणि बॅटरी फुगलेली. लाल दिवा लुकलुकतोय, पण बझरवर कोणीतरी चिकटपट्टी मारून ठेवली आहे. आवाजाचा त्रास होत होता ना! सूचना बंद केली की संकट टळलं, ही समजूत आपल्याला फार महागात पडत आली आहे.

27 ऑगस्ट 2003. नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली, 39 भाविक गेले. 29 जानेवारी 2025. प्रयागराजच्या कुंभमेळ्यात हजारो कॅमेरे होते, एआयची गर्दीमोजणी होती, तरी चेंगराचेंगरीत सरकारी आकड्यानुसार किमान 30 जण गेले. मोजणारं यंत्र हवंच. पण आकडा पडद्यावर लाल झाल्यावर बॅरिकेड उघडायचा हुकूम कोण देणार? त्या माणसाचं नाव आणि नंबर भिंतीवर हवा. पडदा हुकूम देत नाही.

नाशिकला साधं, कामाचं शहाणपण बाहेरून आणावं लागत नाही. 2015 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने इथे कुंभथॉन भरलं, मेळ्यातल्या अडचणींवर उपाय शोधायला. मूळचे नाशिकचे आणि एमआयटीत प्राध्यापक असलेले रमेश रासकर त्यामागे होते. नाशिकच्याच शाळकरी मुलाने पावलं मोजून गर्दी सांगणारी चटई केली. स्वस्त आणि साधी. निविदेत मात्र साधेपणाला गुण नसतात.

त्र्यंबकमध्ये तर शेकडो वर्षं चाललेली नोंदव्यवस्था आहे. तीर्थपुरोहितांच्या घरी जा. आडनाव सांगा, मूळ गाव सांगा. गुरुजी लांबट बाड काढतात, दोरी सोडतात, पानं उलटतात, आणि पणजोबांची मोडीतली सही समोर येते. लाइट लागत नाही. पासवर्ड लागत नाही. ही नामावळी टिकली कशी? प्रत्येक यजमान आला की ती उघडली गेली, वाचली गेली, पुढची पिढी तिच्यात लिहिली गेली. वापरात असलेली नोंद खराब झाली तर लगेच कळतं.

तुमच्या ऑफिसातला बॅकअप शेवटचा कधी उघडला होता?

उघडलाच नसेल तर तो बॅकअप नव्हे. ती आशा आहे.

नामावळीत एक उणीव आहेच. बऱ्याचदा प्रत एकच. वाळवी लागली, आग लागली की सात पिढ्या गेल्या. म्हणून आमच्या धंद्यात नियम आहे, तीन-दोन-एक. प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत गावाबाहेर. सर्व्हर एका टेबलावर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात? मग पाणी शिरलं की दोन्ही एकदमच भिजणार.

हे फक्त आपल्याकडच्या गरीब कार्यालयांत होतं असं समजू नका. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या नावाजलेल्या सॉफ्टवेअर कंपनीत रात्री दमलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअपच्या आणि प्रतीच्या पाच पद्धती होत्या. पाचांपैकी एकही धड चालत नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली आणि कंपनी वाचली.

पुढचं जास्त महत्त्वाचं. कंपनीने काय झालं ते जगासमोर मांडलं, दुरुस्तीचं काम थेट प्रक्षेपित केलं. त्या इंजिनिअरची नोकरी गेली नाही. चूक एका माणसाच्या बोटाने झाली, पण पाचही पद्धती निकामी आहेत हे न पाहण्याची चूक सगळ्यांची होती.

आता आपल्याकडे या. 2021 मध्ये नाशिकरोडच्या नोटा छापखान्यातून पाच लाखांच्या नोटा गायब झाल्याची बातमी आली. देशातल्या अत्यंत बंदोबस्ताच्या जागांपैकी ही एक. तपासात निघालं काय? चोरी झालीच नव्हती. नोटा चुकून पंच होऊन बाद झाल्या होत्या, आणि कारवाईच्या भीतीने कर्मचाऱ्यांनी ते लपवलं होतं. कुंपण, पहारे, झडती, सगळं जागेवर होतं. ‘साहेब, चूक झाली’ एवढं बोलायची सोय तेवढी नव्हती.

घाबरलेला माणूस हा सुरक्षेतला सर्वांत मोठा खड्डा आहे. तो फायरवॉलने बुजत नाही.

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल 2022 चा आदेश आहे. सायबर घटना कळली की सहा तासांत कळवा. चांगला आदेश. पण फसव्या मेलवर क्लिक करणारा लिपिक ते सांगणार कधी? आधी तो घाम पुसतो. मग कॉम्प्युटर बंद करून चालू करतो. मग शेजारच्याला हळूच विचारतो. मग घरी जातो. सहा तास भीतीतच संपतात. सरकारला कळवण्याची घाई कायद्याने आणता येते, साहेबाला सांगण्याची हिंमत साहेबानेच द्यावी लागते.

पासवर्डचंच घ्या. तीन महिन्यांनी बदला, एक चिन्ह हवं, एक अंक हवा. ही सक्ती अमेरिकेतल्या सरकारी संस्थेच्या ज्या मार्गदर्शिकेतून जगभर गेली, ती 2003 ची. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी 2017 मध्ये जाहीरपणे खंत व्यक्त केली, आणि त्याच वर्षी त्या संस्थेने ठरावीक मुदतीने बदलण्याचा सल्ला मागे घेतला. आपली कार्यालयं अजून तिथेच. लोक काय करतात? नाशिक@123 चं नाशिक@124 करतात आणि चिठ्ठी मॉनिटरला चिकटवतात. नियम पाळला गेला. दार उघडंच राहिलं.

लांब वाक्यासारखा पासवर्ड घ्या, फुटला तरच बदला, वर ओटीपीचं दुसरं कुलूप लावा. एवढंच.

सुट्टीचं काय? 11 ऑगस्ट 2018, दुसरा शनिवार, बँका बंद. त्या दिवशी पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे उपसले गेले. सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या संदेशव्यवस्थेतून आणखी 13.92 कोटी हाँगकाँगला गेले. एकूण 94 कोटींवर. चोराने आपलं कॅलेंडर वाचलं होतं. आपल्यातल्या किती संस्थांनी सुट्टीच्या दिवशी कोण जागं राहणार ते लिहून ठेवलं आहे?

जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला. मर्स्क ही बलाढ्य जहाज कंपनी कोलमडली आणि तिच्याच समूहाचं न्हावाशेवा बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. कंपनीच्या जगभरातल्या वापरकर्त्यांची ओळख ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर पुसले गेले. एक वाचला, घानामधला. का? हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती! कोट्यवधींच्या यंत्रणेला लोडशेडिंगने वाचवलं. यातून शिकायचं एकच, एक प्रत तारेपासून तोडून ठेवा. नशिबावर सोपवू नका.

यंत्र धड असूनही गोष्ट कुठे बिघडते, ते दर्शनाच्या रांगेत दिसतं. दोनशे रुपयांचे ऑनलाइन पास खोट्या नावांनी काढून चढ्या भावाने विकल्याप्रकरणी 2025 मध्ये त्र्यंबकमध्ये काही जणांना अटक झाली. पोर्टल कोणी फोडलं नव्हतं. पोर्टलवर नाव लिहिणारा आणि रांगेत उभा राहणारा माणूस एकच आहे का, हे दारावर कोणी बघत नव्हतं. ऑनलाइन केलं म्हणजे भ्रष्टाचार गेला, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा दारावर उभं राहावं.

गूगलवर ‘त्र्यंबकेश्वर पूजा’ टाका. प्रत्येक संकेतस्थळ अधिकृत, प्रत्येक गुरुजी ताम्रपत्रधारी. पूजेच्या हक्काचं पेशवेकालीन ताम्रपत्र घरात आहे की फोटोशॉपमध्ये, हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नाहीतर नागपुरातल्या भाविकाने कसं ओळखायचं? आगाऊ रक्कम पाठवायच्या आधी फोन करा, पत्ता विचारा, ओळखीतून खातरजमा करा. पैसे गेलेच तर त्याच तासात 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवा. लाज वाटून गप्प बसलात तर पुढचा भाविकही फसतो.

मुक्कामाला लॉजची खोली हवी? ‘आधारचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाका.’ तो फोटो कोणाच्या मोबाइलमध्ये पडतो? काउंटरवरच्या मुलाच्या. तो नोकरी सोडतो, मोबाइल विकतो, तुमचं आधार बाजारात. वैयक्तिक डेटाचा कायदा 2023 मध्ये झाला, त्यात दंड अडीचशे कोटींपर्यंत ठेवला आहे. मास्क केलेलं आधार मिळतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. तेच द्या. नाही घेतलं तर दुसरीकडे खोली बघा.

आणि हे सगळं सांभाळणारा माणूस? तो बहुधा कंत्राटी. ग्रामपंचायतींतले संगणक परिचालक मानधनासाठी वर्षानुवर्षं आझाद मैदानात बसत आले आहेत. यंत्राला पाच वर्षांची वॉरंटी असते, ते चालवणाऱ्याला अकरा महिन्यांची नेमणूक. तो गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. मग नवा माणूस येतो आणि पहिला आठवडा चाव्या शोधण्यात घालवतो.

रात्री दोनला सर्व्हर पडला तर त्याचाच फोन वाजतो. सकाळी सगळं सुरळीत दिसतं, म्हणून साहेब विचारतात, ‘तुम्ही नेमकं करता काय?’ रात्रीची नोंद ठेवा, रात्रीचा मोबदला द्या, आणि सकाळी त्याला झोपू द्या. झोपेने जड झालेल्या बोटाखाली एंटरचं बटण असतं, हे गिटलॅबने शिकवून झालंय.

सन 2000 पासून जुलैचा शेवटचा शुक्रवार हा सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटरचा दिवस मानला जातो. 2027 मध्ये तो 30 जुलैला येतो. सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्टला. मध्ये फक्त शनिवार आणि रविवार.

म्हणून नियोजन करणाऱ्यांना सरळ मागणी आहे. पुष्पगुच्छ नको, केक नको. त्या शुक्रवारच्या आत, भर पावसात, गर्दीच्या एखाद्या सोमवारी, नियंत्रण कक्षाची मुख्य वीज मुद्दाम तोडा. यंत्रणा किती मिनिटांत उभी राहिली, कोणी उभी केली, कुठे अडली, ते लिहा. चूक सांगणाऱ्याला शिक्षा करू नका. महिनाभराने पुन्हा तोडा. आणि जी यंत्रणा पडल्यावर उठत नाही, तिचं बिल मंजूर करू नका.