टायफॉइड म्हणे!

अहो, ऐकलंत का? जरा गडग्याजवळ या, ते कपडे नंतर घाला वाळत. परवा कोपऱ्यावरच्या वहिनींकडे सत्यनारायण होता आणि तुम्ही नेमक्या पावसला गेलेल्या. काय मिस केलंत!

आम्ही सगळ्या बसलेल्या, शिऱ्याचा वास सुटलेला. तेवढ्यात त्या... अहो त्याच हो, अख्ख्या नाचण्यातल्या सुनांची खबर ठेवणाऱ्या. म्हणाल्या, "धाकटा दिसत नाही तो? पुण्याची नोकरी सोडलीन म्हणे?" वहिनींनी नेहमीचंच सांगितलं. टायफॉइड झाला होता, वीकनेस आहे. श्रावणात झालेला टायफॉइड, आता आंबा मोहरला! पण आम्ही आपल्या माना डोलावल्या. तर ही बाई हसत हसत म्हणते कशी, "टायफॉइडला सिव्हिलमध्ये मनाच्या डॉक्टरांपुढे नंबर लावतात होय? जपा हो. नाहीतर आहेच आपल्या गावात सोय!"

वहिनींचा चेहरा एवढासा झाला. तीर्थाची पळी हातात तशीच.

आता आपल्या गावातली सोय म्हणजे कुठली, ते काय सांगायला हवं? कोकणात कुणी जरा तिरकं बोललं की 'ह्याला रत्नागिरीला न्या' ठरलेलंच. गंमत बघा, बर्माच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे आणला १८८६ साली, आणि मनोरुग्णालयही त्याच सालचं. राजाचा पॅलेस आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो, पार बर्मापासून सुरुवात करतो. आणि मनोरुग्णालयावरून रिक्षा गेली की पाहुण्यांचं लक्ष दुसरीकडे वळवतो! ३६५ खाटा आहेत हो तिथे. त्या काय रिकाम्या असतात?

तर काय सांगत होते... हां, आजी! वहिनींच्या सासूबाई. कोपऱ्यात जपमाळ ओढत होत्या, आम्हाला वाटलं ऐकू जात नाही. माळ ठेवली खाली आणि म्हणाल्या, "माझी धाकटी जाऊ होती तिथे. औषधाने बरी झाली. न्यायला या म्हणून पत्रं आली, पण घरातून कुणी गेलं नाही. लोक काय म्हणतील! तिथेच गेली बिचारी. माझ्या नातवाला डिप्रेशन आहे, गोळ्या चालू आहेत, आता झोप लागते त्याला. हं, शिरा घ्या."

त्या बाईंच्या तोंडात घास, गिळवेना आणि थुंकवेना! वहिनी मात्र पदराला डोळे पुसत आत गेल्या. किती महिन्यांचं पोटात ठेवलं असेल हो माउलीने.

आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, २०१७ चा कायदाच आहे. घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने बऱ्या झालेल्या माणसाला तिथे अडकवून ठेवता येत नाही. मेडिक्लेमही इतर आजारांसारखाच मनाच्या आजारालाही द्यायचा. म्हटलं, कायदा ठीक आहे, पण घरचं दार आतून कोण उघडणार? माझ्या पित्ताशयातले खडे काढले तेव्हा तुम्ही सगळ्या बाटलीतले खडे बघून गेलात, चार दिवस डबे आले. त्या पोराला कुणी वाटीभर आमटी तरी नेली? उलट दृष्ट काढा, नारळ द्या, देवाला गाऱ्हाणं घाला, हेच सल्ले. घाला की गाऱ्हाणं, पण गोळी बंद नका करू म्हणावं.

आणि ह्याच बाई हो, तो 'कासव' पिक्चर आठवतो ना, २०१७ मध्ये सुवर्णकमळ मिळालेला? त्यातल्या डिप्रेशनवाल्या मुलासाठी ढसाढसा रडल्या होत्या. पडद्यावरचा चालतो, शेजारचा नाही!

पण खरी मजा पुढेच. काल संध्याकाळी बाई मला मारुती मंदिरापाशी गाठतात. इकडे बघ, तिकडे बघ, आणि हळूच, "तुमच्या भाचीने फ्रिजवर कसला नंबर लावलाय हो? मदतीचा?" म्हटलं, १४४१६, टेलिमानस. फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री-बेरात्रीही लागतो. कागदावर लिहून घेतलान, दोनदा वाचून दाखवलान.

कुणासाठी ते नाही हं विचारलं मी. देवाशप्पथ. जीभ वळवळत होती, पण नाही विचारलं. तुमच्या काही कानावर आलंय का? नाही, आपलं उगीच.