फोर्टातलं एकमत

मुंबईच्या फोर्टात उपाशी राहायचं तर खास प्रयत्न करावा लागतो. सीएसएमटीच्या बाहेर पाऊल टाकलं की समोर 'आराम'चा वडापाव, जरा पुढे 'पंचम'ची पुरीभाजी, महापालिकेच्या अंगाला 'कॅनन'ची पावभाजी. आत गल्ल्यांत शिरलं की मंगळुरी गस्सी, गोमंतकी हुमण, उडप्याचा डोसा, इराण्याचा ब्रून-मस्का. इंग्रजांनी १८६०च्या दशकात किल्ल्याचे तट पाडले ते बहुधा या वासांना वाट मिळावी म्हणूनच. एवढं असून आमची ऑफिसातली टोळी पगार झाला की भर दुपारी हुतात्मा चौकात 'जेवायचं कुठे?' करत ताटकळते. कारण आमच्यात हॉटेल निवडायला कुणीच बाहेर पडत नाही. सगळे निघतात ते नाकारायला.

पहिली हरकत पंचांगाची. 'महेश'ची सुरमई असं मी म्हणतो न म्हणतो तोच कुणीतरी वार विचारतं. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. पैकी रविवारी फोर्टात कबुतरं आणि रस्त्यावर क्रिकेट खेळणारी पोरं, एवढीच वस्ती. राहिलेल्या दोन वारांत नेमकी कुणाची तरी संकष्टी निघते, आणि श्रावण लागला की अख्खा महिनाच गेला. आमच्यातला मालवणी मग आभाळाकडे बघून विचारतो, "देवान खंय सांगल्यान, बांगडो खाव नको म्हणान?" देव अर्थात या वादात पडत नाही.

बरं, मग बॅलार्ड इस्टेटला 'ब्रिटानिया'त जाऊ. १९२३ सालचं हॉटेल, बेरी पुलावासाठी लोक कुठून कुठून येतात. इथे पंचांग आडवं येत नाही, ऊन येतं. "चालत?" हा एक शब्द अकाउंट्सच्या ताई अशा काही उच्चारतात की आपण पंढरपूरच सुचवलं असं वाटावं. टॅक्सीवाला एवढ्या जवळच्या भाड्याला मान हलवतो. ती होकाराची नाही हे मुंबईकराला सांगावं लागत नाही. त्यातून पोचलोच, तर पुलावावर कॅरॅमल कस्टर्ड होणार आणि तीनच्या मीटिंगला डोळे उघडे कोण ठेवणार?

काळा घोड्याला 'चेतना'ची थाळी आहे, १९४६ पासूनची शाकाहारी, सगळ्या वारांना चालणारी. त्यावर नव्या पोराची हरकत असते. तो आधी फोनमध्ये जेवतो. चौकात उभ्याउभ्या तो तारे मोजतो, चार पूर्णांक एक की चार पूर्णांक तीन, आणि कुण्या अनोळखी माणसाला दोन वर्षांपूर्वी डाळ गोड लागली म्हणून आख्ख्या टोळीचा मोर्चा उलटा फिरवतो. ताईंना तेवढ्यात एसी आठवतो. लंच होममध्ये एसीचा भाग वेगळा आणि दरही वेगळा. तोच बोंबील, तोच रवा, पण वरच्या मजल्यावर थंड हवेत त्याची किंमत वाढते. घाटावरच्या बंगल्यासारखी.

या सगळ्यांत घातक इसम म्हणजे "मला कुठेही चालेल" म्हणणारा. साधुसंत वाटतो. पण दाक्षिणात्य म्हटलं की "कालच इडली झाली," चायनीज म्हटलं की "पित्त होतं," पंजाबी म्हटलं की नुसता सुस्कारा. त्याचं 'कुठेही' जगाच्या पाठीवर कुठेही असेल, फोर्टात नाही.

आणि मग आमचे वरिष्ठ बोलतात. निवृत्तीला टेकलेले, मितभाषी. म्हणतात, "समोवार असतं तर प्रश्नच नव्हता."

झालं! क्षणात सगळ्यांचे चेहरे उजळतात. जहांगीर आर्ट गॅलरीतलं ते चिंचोळं 'समोवार' १९६४ला सुरू झालं आणि २०१५ला बंद पडलं. कुणाला तिथले पराठे आठवतात, कुणाला तिथे चहा पीत बसलेले चित्रकार. मग निघतं त्याच परिसरातलं 'वेसाइड इन'. अरुण कोलटकर तिथे बसून बाहेरचा चौक न्याहाळत. 'काळा घोडा पोएम्स'चं मूळ त्याच टेबलाशी. नवा पोरगा तेव्हा शाळेतही नसेल, पण तोही मान डोलावतो. मालवणी वार विसरतो, ताई ऊन विसरतात. 'कुठेही'वालासुद्धा म्हणतो, "हो, तिथे चाललं असतं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की फोर्टात एकमत होतं ते फक्त बंद पडलेल्या हॉटेलाबद्दल. त्याच्या दारात रांग नसते, त्याला तारे नसतात, एसीचा दर नसतो, आणि टीटीएमएम करताना कुणी सोलकढी किती घेतली हे मोजावं लागत नाही. तिथलं जेवण कायम गरम आणि बिल कायम स्वस्त.

म्हणून फोर्टातल्या तमाम हॉटेलमालकांना एक विनंती. आमच्यासारखी टोळी तुमच्या दारात उभी राहून पाटी वाचते, दर बघते, नाक मुरडते आणि पुढे सरकते, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. तुमच्यावरून आमच्यात भांडण आहे तोवर तुमचं बरं चाललंय असं समजा. ज्या दिवशी आम्ही सगळे एकसुरात तुमची वाहवा करू, त्या दिवशी मात्र शटरला कुलूप कुणी लावलं ते बघा.